चढणीची वाट

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, पूर गावातल्या कुकडेश्वराच्या देवळाजवळ कुकडी उगम पावते. माणिकडोहच्या भिंतीशी ती पहिल्यांदा अडते, जुन्नर शहराजवळून पूर्वेकडे निघते, येडगावला दुसऱ्यांदा अडते, निघोजपाशी काळ्या कातळात रांजणखळगे कोरते आणि शिरूरच्या बाजूला घोडनदीत मिसळते. घोडनदीचं पाणी भीमेत जातं, भीमेचं कृष्णेत. पाण्याचा हा उतरता रस्ता कुठल्याही नकाशावर सापडतो. त्याच रस्त्याने खालून वर होणारा एक प्रवास मात्र नकाशात नसतो, तो नदीकाठच्या लोकांच्या पंचांगात असतो. मृगाचा पाऊस दमदार झाला, ओढ्यांना तांबडं पाणी आलं, की ‘मासे चढायला लागले’ ही बातमी गावभर होते. देशावर हे चढणीचे मासे, कोकणात वलगणीचे.

मग जाळी, टोपल्या, घमेली, जुनी धोतरं, जे हाताला लागेल ते घेऊन माणसं ओढ्याच्या तोंडाशी जमतात. कंदील जाऊन विजेऱ्या आल्या आणि विजेऱ्या जाऊन मोबाइलचे दिवे आले, एवढाच काय तो फरक. मासे पूर्वीसारखेच येतात: झुंडीने, प्रवाहाच्या तोंडावर, पोटात अंडी घेऊन. आणि एकेकटे, दहा दिवसांच्या अंतराने येत नाहीत. एकाच रात्री, एकाच ओढ्यात शेकडो येतात.

आता यात खरं कोडं आहे. माशांच्या कळपाला ना पाटील असतो ना मुकादम. कुणी हाक देत नाही, मुहूर्त काढत नाही. तरीही ‘आज’ आणि ‘इकडे’ हे दोन निर्णय सगळ्यांचे मिळून होतात. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत प्रयोगशाळेच्या टाक्यांपासून अटलांटिक महासागरापर्यंत या कोड्यावर भरपूर काम झालं आहे. त्यातून दिसतं ते असं, की ‘कधी’ आणि ‘कुठे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि मासे त्यांची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळवतात.

आधी ‘कधी’.

चढणीची तयारी पावसाच्या कितीतरी आधी सुरू होते. होळीनंतर दिवस मोठा होत जातो, पाणी तापत जातं. माशाचा मेंदू प्रकाशाचा आणि तापमानाचा हा हिशेब ठेवतो आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीला कामाला लावतो. तिच्यातून सुटणारी संप्रेरकं रक्तातून अंडाशयापर्यंत पोचतात आणि अंडी भरू लागतात. मे महिन्याच्या अखेरीस मादीचं पोट तट्ट फुगलेलं असतं. पण अंडी सुटत नाहीत. शेवटची पायरी शिल्लक ठेवून शरीर थांबतं. कारण दिवस किती मोठा झाला हे दरवर्षी तारखेबरहुकूम ठरतं, पाऊस तसा ठरत नाही. मृग कोरडा गेला आणि अंडी आधीच टाकून झाली, तर सगळी पिढी आटत्या डबक्यात मरायची.

शेवटची पायरी पाऊस चढवतो. पहिल्या पुराबरोबर बऱ्याच गोष्टी एकदम बदलतात. पाणी थंड होतं, गढूळ होतं, त्यातल्या क्षारांचं प्रमाण घटतं, पातळी चढते, प्रवाहाला ओढ येते आणि भिजलेल्या शेतांचा, कुजक्या पाल्याचा वास पाण्यात उतरतो. यातली एखादीच खूण दिसली तर मासा हलेलच असं नाही. विहिरीचं नुसतं थंड पाणी तळ्यात सोडून रोहूची अंडी सहसा मिळत नाहीत. खुणा एकत्र आल्या की पीयूष ग्रंथीतून संप्रेरकांचा मोठा लोट सुटतो आणि काही तासांत अंडी पक्व होतात. खुणा आल्याच नाहीत, तर मादी ती अंडी पुन्हा शरीरात जिरवून टाकते. वर्ष वाया जातं, पण जीव वाचतो.

भारतातल्या मत्स्यशेतीचा पाया याच शेवटच्या पायरीवर आहे. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे गंगेच्या बाजूचे मासे बंदिस्त तळ्यात उत्तम वाढतात, पण अंडी देत नाहीत. त्यांना पूर लागतो. त्यामुळे पूर्वी त्यांचं बीज पुराच्या दिवसांत नदीतून गाळून आणावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या कार्प माशांकडून अंडी मिळवली. पुराचा निरोप त्यांनी सुईतून पोचवला, असं म्हणायला हरकत नाही. १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आज येडगावसारख्या जलाशयांत सोडलं जाणारं कार्पचं बीज येतं ते याच तंत्रातून.

आता ‘कुठे’. नदीतल्या माशाला या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा पाणीच देतं. प्रवाहाकडे तोंड करून पोहणं ही माशाची उपजत खोड. डोळ्यांना तळाचे दगड मागे सरकताना दिसतात, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी जी बारीक रेघ असते ती पाण्याचा दाब आणि हालचाल टिपते. या पार्श्वरेषेत सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. गढूळ पाण्यात, रात्री, डोळे निकामी झाले तरी तिच्या जोरावर मासा शेजाऱ्यापासूनचं अंतर सांभाळू शकतो. १९७६ मध्ये पिचर, पार्ट्रिज आणि वॉर्डल या संशोधकांनी सेथ जातीच्या माशांचे डोळे तात्पुरते झाकून पाहिले, तरी ते कळपात पोहत राहिले.

वर चढण्यामागे शहाणपणही आहे. वरच्या अंगाला पाणी उथळ, हवा खेळती, मोठे शिकारी मासे कमी. पाण्याखाली गेलेल्या गवतात, भातखाचरांत आणि ओढ्यांच्या काठी पिलांना पुरेल इतका बारीक जीवजंतूंचा चारा. अंडी वाहत खाली आली तरी वाटेत फुटून त्यांची पिलं होतात आणि मोठ्या नदीपर्यंत पोचेस्तोवर पोहायला लागतात. जुन्नर आणि आंबेगावचा भूगोलही याला साजेसा आहे. पश्चिमेला नाणेघाट-भीमाशंकरच्या माथ्यावर धो धो पाऊस, पूर्वेला शिरूर-पारनेरकडे अवर्षणाचा पट्टा. नदीला पूर येतो तो पश्चिमेच्या पावसाने. खालच्या कोरड्या भागात डोहात बसलेल्या माशाला आभाळातून थेंब मिळाला नसला, तरी वरून आलेलं तांबडं पाणी सगळी खबर घेऊन येतं.

या खोऱ्यातल्या माशांची पहिली मोठी शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याची. मुंबई सरकारच्या सांख्यिकी कामासाठी त्याने १८२४ पासून दख्खन पालथं घातलं आणि १८३९ मध्ये इथल्या माशांचं त्याने केलेलं वर्णन लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने छापलं. शास्त्रीय नावं देताना त्याने कोळ्यांची नावं उचलली: कोलस, खुद्री, सींगटी. दख्खनी महसीर म्हणजे आपला खडस जगभरच्या ग्रंथांत ‘टॉर खुद्री’ आहे तो साइक्समुळे, आणि त्याचा नमुना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतून मिळाला होता. आज तिथे हा मासा शोधायला जाणाऱ्याच्या हाती काय लागेल हे पुणेकरांना सांगायला नको.

इथवर एका माशाची गोष्ट झाली. पण मासे एकटे जात नाहीत, आणि कळपाचा निर्णय म्हणजे शंभर स्वतंत्र निर्णयांची नुसती बेरीज नसते. कॅनडातल्या मॉन्कटन विद्यापीठात स्टेफान रीब्स यांनी २००० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. गोल्डन शायनर नावाचे १२ छोटे मासे एका टाकीत. त्यातल्या काहींना दुपारी ठरावीक वेळी टाकीच्या उजेडाच्या कोपऱ्यात खाद्य मिळण्याची सवय लावलेली, बाकीचे अडाणी. माशांना सावली आवडते, त्यामुळे अडाणी मासे आपणहून तिकडे फिरकत नाहीत. जाणकार पाच असले तेव्हा दुपारी सगळा कळप उजेडात यायचा. तीन असताना कमी वेळा, एकच असताना आणखी कमी. पण एकट्या जाणकाराच्या मागे उरलेले अकराही गेले, असंही घडलं. जाणकार मासा ना ओरडला, ना कुणाला ढकललं. तो फक्त ठाम दिशेने गेला.

ब्रिटिश शास्त्रज्ञ इयान कझिन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये याचं गणित मांडलं. कळपातला प्रत्येक जण तीनच नियम पाळतो असं धरा: फार जवळच्यापासून बाजूला व्हा, फार लांब जाऊ नका, शेजारी जिकडे तोंड करतो तिकडे करा. त्यात थोड्यांच्या मनात एक दिशा पक्की असू द्या. कोण जाणकार आहे हे कुणालाच माहीत नसतं, तरी सगळा कळप त्या दिशेने वळतो. आणि कळप जितका मोठा, तितकं जाणकारांचं लागणारं प्रमाण कमी. दहांच्या कळपात निम्मे शहाणे लागतील, पण दोनशेंच्या कळपाला शेकड्यात मूठभर पुरतात.

पण शेजाऱ्याच्या मागे आंधळेपणाने जायचं तर एखादा वेडा सगळ्यांना बगळ्याच्या तोंडी नेईल. यावर माशांकडे उपाय आहे. ॲशली वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये काटेमाशांपुढे दोरीने ओढले जाणारे नकली मासे सोडले. नकली मासा शिकारी माशाच्या प्रतिकृतीजवळून जायचा. तो एकटा असेल तर कळप सहसा जागचा हलत नसे. दोन किंवा तीन नकली मासे तिकडे गेले, की पुष्कळ जण धोका विसरून मागे निघत. नारायणगावच्या एसटी स्टँडवर एकटा माणूस पळाला तर लोक नुसते बघतात. तिघे पळाले की गाडी कुठली हे न विचारता सगळा फलाट पळतो. तसंच हे. चुका होतातच, पण एकट्याच्या चुकीपेक्षा कमी.

कळपाचा आकारही निर्णयाचा भाग असतो. २००६ च्या शरदात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यापुढे, जॉर्जेस बँक या उथळ समुद्रात, एमआयटीच्या निकोलस मॅक्रिस यांच्या गटाने ध्वनिलहरींनी हेरिंग मासे पाहिले. दिवसभर ते तळाशी विखुरलेले असत. संध्याकाळच्या सुमारास कुठेतरी त्यांची दाटी दर पाच चौरस मीटरला एक मासा इतकी झाली, की तिथून लाट सुटावी तसा कळप जमू लागे. ही लाट मासे पोहतात त्याहून कितीतरी वेगाने पसरे आणि थोड्याच वेळात मैलोन्‌मैल लांबीचा थवा तयार होई. मग सगळे मिळून अंडी घालण्याच्या जागेकडे निघत. ती दाटी झालीच नाही, तर निघणंही नाही. मासे संख्येने निम्मे उरले म्हणजे प्रवास निम्मा झाला असं होत नाही. एका मर्यादेखाली प्रवास सुरूच होत नाही. मासेमारीचे कोटे ठरवणाऱ्या कार्यालयांनी ही गोष्ट फारशी मनावर घेतल्याचं दिसत नाही.

नदीत प्रवाह असतो. उघड्या समुद्रात वाट कोण दाखवणार? तिथे म्हाताऱ्यांचं महत्त्व सुरू होतं.

कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटाजवळ ग्रंट जातीचे मासे दिवसा प्रवाळाजवळ थांबतात आणि तिन्हीसांजेला ठरलेल्या वाटेने चरायला जातात. १९८४ मध्ये हेल्फमन आणि शुल्ट्झ यांनी काही मासे एका प्रवाळावरून उचलून दुसऱ्यावर नेऊन ठेवले. नवे मासे तिथल्या जुन्यांच्या मागे फिरले. नंतर जुने मासे काढून टाकले, तरी नवे त्याच वाटेने जात राहिले. ज्यांना जुन्यांची सोबत मिळालीच नव्हती त्यांना ती वाट सापडली नाही. म्हणजे वाट रक्तात नव्हती, शिकवणीत होती.

न्यूफाउंडलंडच्या कॉड माशांबद्दल जॉर्ज रोझ यांनी १९९३ मध्ये असंच लिहिलं. त्यांनी सोनारवर पाहिलेल्या प्रचंड थव्यात सर्वांत मोठे मासे पुढे होते आणि लहान मागे. दुर्दैवाने मोठे मासे पकडण्यातच माणसाला जास्त रस. रोझ यांचा लेख छापून आला त्याच्या आदल्याच वर्षी कॅनडाला तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली होती, कारण मासाच उरला नव्हता.

नॉर्वेच्या हेरिंगची कथा यापेक्षा बोलकी आहे. हा मासा अंडी घालायला नॉर्वेच्या किनाऱ्याला येई आणि उन्हाळ्यात चरायला पार आइसलँडपर्यंत जाई. १९६० च्या दशकाअखेर अतिमासेमारीने तो जवळजवळ संपला. आइसलँडच्या उत्तरेचं सिग्लुफ्योर्दुर या हेरिंगवर श्रीमंत झालेल्या गावाची रया गेली. जी थोडी पिलं वाचली त्यांना रस्ता दाखवायला कुणी उरलं नव्हतं, आणि ती वर्षानुवर्षं नॉर्वेच्या किनाऱ्यालाच घुटमळत राहिली. पुढे संख्या सावरली, लांबचे प्रवास पुन्हा सुरू झाले, पण जुन्या वाटा तशाच्या तशा परतल्या नाहीत. आणि मग पुन्हा तेच. नॉर्वेच्या सागरी संशोधन संस्थेचे आरिल स्लोट्टे आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं, की अलीकडच्या वर्षांत मोठ्या वयाचे मासे जाळ्यात इतके गेले की २०१६ साली जन्मलेल्या भल्यामोठ्या पिढीला शिकवायला पुरेसे म्हातारेच मिळाले नाहीत. या तरुणांनी अंडी घालायची जागा सुमारे ८०० किलोमीटर उत्तरेला नेली. तिथून वाहत जाणाऱ्या पिलांचं काय होणार हे अजून ठरायचं आहे.

शिकवण नसली तर चूक होते, तशी जुनी सवय जपली तरी होऊ शकते. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला दर हिवाळ्यात सार्डिनचे अफाट थवे क्वाझुलू-नताळकडे धाव घेतात. देवमासे, डॉल्फिन, शार्क, पक्षी आणि पर्यटक सगळे त्यांची वाट पाहत असतात. २०२१ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून कळलं, की हे थवे अटलांटिकच्या थंड पाण्याला सरावलेल्या सार्डिनचे आहेत. किनाऱ्याला तळातलं थंड पाणी वर आलं की ते त्यात शिरतात, आणि हिवाळ्याअखेर पाणी तापतं तेव्हा नको त्या जागी अडकलेले असतात. कोट्यवधी मासे एकमताने गेले, म्हणून जागा बरोबर ठरत नाही.

आपल्याकडच्या सार्डिनचं, म्हणजे तारलीचं, उदाहरण ताजं आहे. मालवण-वेंगुर्ल्याच्या रापणकरांना या माशाचा लहरीपणा पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या या बाजूला तळातलं थंड, पौष्टिक पाणी वर येतं, सूक्ष्म वनस्पतींचं पीक येतं आणि तारली त्यामागे किनाऱ्याला लागते. १९८० च्या दशकापर्यंत तारली म्हणजे मुख्यतः केरळ आणि दक्षिण कर्नाटकाचा मासा. त्यानंतर ती उत्तरेला आणि पूर्व किनाऱ्यालाही सापडू लागली. पाणी तापत चालल्याचा हा परिणाम असल्याचं कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचं मत. आणि जिथली म्हणून ती ओळखली जायची त्या केरळात २०१२ मध्ये जवळपास ४ लाख टनांवर गेलेलं उत्पादन २०२१ मध्ये सुमारे साडेतीन हजार टनांवर आलं. तारलीचं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं. तिच्यात हेरिंगसारखे दहा-पंधरा वर्षांचे वाटाडे नसतात. ती स्मृतीपेक्षा पाण्याच्या खुणांवर चालते, म्हणून झपाट्याने पसरते आणि झपाट्याने गायबही होते.

हे सगळं घेऊन येडगावला परत आलं, की धरणाकडे पाहण्याची नजर बदलते. येडगावचं धरण १९७७ चं. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांत ते आकाराने लहानांतलं. साडेतेरा टीएमसीचं डिंभे त्याहून कितीतरी मोठं. पण येडगाव हे सगळ्यांचं जंक्शन आहे. माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज आणि घोडनदीवरच्या डिंभ्याचं पाणी इथे आणलं जातं आणि इथून कुकडीच्या डाव्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून चांगली गोष्ट नाही. या पाण्यावर कांदा, ऊस, डाळिंब उभं आहे, आणि आवर्तन चार दिवस लांबलं की नगर-पुणे-सोलापूरचं राजकारण तापतं.

माशाला हे पाणी काय सांगत असेल? चढणीच्या कळपाला लागते ती एक सलग वाट आणि खुणांचा एक ठरावीक क्रम. भीमेतून निघालेल्या माशाला वर जाताना घोडनदीवर चिंचणीची भिंत लागते, कुकडीत वळल्यावर येडगावची, आणि ती कशीबशी ओलांडता आली असती तर माणिकडोहची. मासे चढण्यासाठी धरणालगत पायऱ्यापायऱ्यांची शिडी बांधतात, तो प्रकार आपल्याकडे अभावानेच दिसतो. भिंतीच्या वरच्या अंगाला अडकलेल्या माशांची गोष्ट वेगळी. त्यांना जलाशयाच्या शेपटीकडे, जिथे ओढेनाले शिरतात तिथे, अजून चढण करता येते. पण जलाशयाची पातळी पावसाच्या नाही, आवर्तनाच्या वेळापत्रकाने वरखाली होते. ऐन एप्रिलमध्ये वरच्या धरणाचं पाणी येऊन पातळी वाढते, त्या पाण्यात ना मातीचा वास ना गढूळपणा. आणि जूनअखेर अंडी उथळ काठावर चिकटलेली असताना दरवाजे उघडले, तर काठ कोरडा पडतो.

अशा अडलेल्या पाण्यात बीज सोडणं हा सरकारी उत्तराचा मुख्य भाग. ते उत्तर अगदीच वाईट नाही. डिंभ्यात विस्थापित महादेव कोळी आणि कातकरी कुटुंबांनी ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने मच्छीमार सहकारी सोसायटी उभी केली, बुडालेल्या जमिनीच्या जागी जलाशयातून उत्पन्न काढलं, आणि २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार ‘शाश्वत’ला मिळाला. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून खडसाची पैदास केली, डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांचं हे काम भारतात गाजलं. पण तिथलं बीज देशभर गेलं त्यात कावेरीतही गेलं, आणि तिथल्या मूळच्या कुबड्या महसीरची जागा या पाहुण्याने बळकावल्याचं पुढे दिसून आलं. ट्रकने मासा नेता येतो. त्या नदीशी त्याचं जुळलेलं वेळापत्रक सोबत नेता येत नाही.

त्यातल्या त्यात एक बरी गोष्ट कुणी ठरवून न करता झाली आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे ढापे पावसाळ्याआधी काढतात, पूर बंधारा फोडू नये म्हणून, आणि पावसाळा सरताना पुन्हा बसवतात. म्हणजे माशांना वाट हवी त्याच महिन्यांत ती मोकळी होते. ढापे वेळेवर निघाले नाहीत, तर हा बंधाराही धरणच. देहू-आळंदीच्या डोहांत आणि महाडजवळच्या वाळणकोंडीत देवाचे म्हणून मासे राखले गेले, तिथे मोठ्या वयाचे खडस टिकले, ही दुसरी गोष्ट. तिथे शास्त्र नव्हतं, श्रद्धा होती. माशांच्या दृष्टीने निकाल सारखाच.

समुद्रात महाराष्ट्र सरकार १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद ठेवतं. सुरुंग आणि विष घालून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, नदीत आणि समुद्रातही. ओढ्यात चढणीचे मासे धरण्याला मात्र सण मानलं जातं, आणि ते मोडून काढावं असं कुणी म्हणणार नाही. मागणं थोडं आहे. पहिल्या पुराच्या पहिल्या काही रात्री ओढ्याचं तोंड काठापासून काठापर्यंत जाळं लावून बंद करू नये. अर्धा ओढा मोकळा ठेवावा. जाळ्यात पोट फुगलेली मोठी मादी आली तर तिला वर सोडावी, लहान मासे न्यावेत. हातभर लांबीची एक मादी वितीएवढ्या पाच माद्यांहून जास्त अंडी देते. आणि बंधाऱ्याचे ढापे मृगाआधी निघाले की नाहीत, हे येडगावपासून शिरूरपर्यंतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने मे महिन्यातच एकदा पाहून घ्यावं.